केलेल्या सुधारणा

सकाळी खराडीला होते.
सात मजली काच, पश्चिमेकडे तोंड करून,
आत एप्रिल महिन्यात स्वेटर घालून बसलेल्या मुली.
उष्णता दाखवणारा कॅमेरा फिरवला बाहेरून:
खिडक्यांच्या चौकटी पिवळ्या, गच्चीचा कठडा तांबडा,
आणि गेटवरची पत्र्याची चौकी पांढरीशुभ्र,
म्हणजे सगळ्यात तापलेली.
चौकीतला माणूस म्हणाला, मॅडम, आमचं पण मोजा की.
म्हटलं, चौकी क्षेत्रफळात धरत नाहीत.
खोटं नव्हतं ते.
त्यानं पंचा भिजवून डोक्यावर टाकला
आणि रजिस्टरात माझी बाहेर पडायची वेळ लिहिली.

दुपारी सहकारनगर. बारा बिऱ्हाडं, तीन मजले, लिफ्ट नाही.
सेक्रेटरी ढमढेरे यांनी दाखल्यासाठी फ्रेम आधीच आणून ठेवलेली.
पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी खिळाही ठोकलेला.
जिन्यात सेन्सरचे दिवे. पंपाला टायमर.
गच्चीला चुन्याचे दोन हात, तिसरा वर्गणीअभावी राहिला.
सगळं खरं. मी खुणा करत गेले.

मग बिलं. तीन वर्षांची, साडीच्या दुकानाच्या पिशवीत.
नऊ नंबरचा आलेख दोन वर्षं उंचावर सपाट,
डिसेंबरातही, रात्रीही,
आणि फेब्रुवारीत एकदम खाली,
डोक्यावरची पाटी उतरवावी तसा.
वा, म्हणाले मी. इथं काय बदललंत? फ्रिज?
ढमढेऱ्यांनी फ्रेमची काच शर्टाच्या बाहीनं पुसली.
गुंजाळबाईंनाच विचारा, म्हणाले.

फरशीवर चार चाकांचे डाग.
भिंतीवर एक चौकोन, बाकीच्या रंगापेक्षा उजळ.
यांचं मशीन होतं, बाई म्हणाल्या.
हवेतून ऑक्सिजन काढायचं. घरघरायचं नुसतं.
त्या आवाजात मला झोप लागायची,
थांबला की दचकून उठायची. लाइट गेली की काय.
साखर किती घालू?
पहिलं बिल आलं ना, चारशे दहाचं,
मी पद्मावतीच्या ऑफिसात गेले भांडायला.
म्हटलं, मीटर बिघडलंय. एवढं कमी कसं?
तो पोरगा म्हणाला, आजी,
कमी आल्याची तक्रार कुणी करतं का?

चहात साखर जास्त झाली होती. दोघांच्या सवयीची.

ह्यात काय दिसतं, त्यांनी कॅमेऱ्याकडे बोट केलं.
मी दाखवलं. भिंत निळी, खाट निळी,
गॅसची शेगडी अजून केशरी.
त्यांनी त्या चौकोनावर पंजा टेकवला, उचलला,
आणि पडद्यावर पंजा तिथेच राहिला.
पाच बोटं, अंगठी एवढी गार.
किती वेळ राहतं?
भिंत कशाची आहे त्यावर, मी म्हणाले.
दुसरं उत्तर मला शिकवलेलं नाही.
विटांची आहे, त्या म्हणाल्या. चांगल्या विटा होत्या तेव्हा.
आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो.
आधी करंगळी गेली.

जिन्यात बसून हिशेब केला.
नऊ नंबरचा उतार धरला तर इमारत वरच्या पायरीवर जाते.
वगळला तर जिथं होती तिथंच.
तक्त्यात रकाना आहे: केलेल्या सुधारणा.
त्याखाली तीन ओळी रिकाम्या, एक एक फ्लॅटसाठी.
खालून ढमढेरे विचारतायत, मॅडम, किती तारे?

दिवा विझला.
सेन्सर चांगला बसवलाय, माणूस हलला नाही
तर जिना रिकामा आहे असं समजतो.
मी हात हलवला. लागला.
पेन टेकवलं. विझला.
पुन्हा हलवला.